पोटावरचा स्टोमा: शस्त्रक्रियेचे पैसे योजनेतून, पिशवीचे कोणाकडून?

हाटकेशला राहणारे एक गृहस्थ, वय बावन्न, अंधेरीला एका कंपनीत स्टोअरकीपर. गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडे झाले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) टाके सुकले होते, ताप नव्हता, भूक परतली होती. मी तपासून झाल्यावर त्यांच्या पत्नीने विचारले, "डॉक्टर, हे भोक आपोआप कधी बुजेल?" सोबत अकरावी सायन्सचा मुलगा होता. तो म्हणाला, "आई, भोक नाही, स्टोमा म्हणतात." आणि मग माझ्याकडे बघत, जरा चाचरत, "पण सर, स्टोमा तर पानावर असतो ना?"

निघताना गृहस्थांनी स्वतःचा प्रश्न विचारला. तीन आठवड्यांत ते पहिल्यांदाच काही विचारत होते. "लोकलचा तीन महिन्यांचा पास काढू, की नको?"

तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांना जोडलेली आहेत. पास काढायचा की नाही, हे औषधांपेक्षा इतर गोष्टींवर जास्त अवलंबून होते: पिशवी महिनाभर पुरेल का, ती रिकामी करायला वाटेत जागा मिळेल का, आणि सरकारच्या दप्तरी या माणसाची नोंद नेमकी कशी होते. वर्तमानपत्रात आरोग्य योजनांच्या मोठमोठ्या आकड्यांच्या बातम्या येतात, तेव्हा मला हा पासचा प्रश्न आठवतो.

पानावरचे तोंड, पोटावरचे तोंड

मुलाचे बरोबरच होते. 'स्टोमा' हा ग्रीक शब्द, अर्थ तोंड. वनस्पतिशास्त्राने तो पानावरच्या सूक्ष्म छिद्रांसाठी घेतला, आपण त्यांना पर्णरंध्रे म्हणतो. शल्यचिकित्सकांनी तोच शब्द पोटावर किंवा गळ्यावर मुद्दाम केलेल्या तोंडासाठी वापरला. मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर आणले तर कोलोस्टोमी, लहान आतड्याचे आणले तर इलिओस्टोमी, लघवीसाठी केले तर युरोस्टोमी. गळ्यावर श्वासनलिकेला केलेली ट्रॅकिओस्टोमीही त्याच कुळातली.

नाव एकच असले तरी फरक मोठा आहे, आणि घरच्यांनी तो समजून घ्यावा. पानावरच्या प्रत्येक रंध्राला दोन रक्षक पेशी असतात, घेवड्याच्या दाण्यांसारख्या वाकलेल्या. त्यांत पोटॅशियम शिरले की मागोमाग पाणी शिरते, पेशी फुगतात आणि मधली फट उघडते. पाणी बाहेर गेले की फट मिटते. उन्हाने माती कोरडी पडली की झाड संदेश सोडते आणि दारे लावून घेते. निवडुंग, अननस यांसारखी झाडे तर दिवसा दारे मिटून रात्री उघडतात, पाणी वाचावे म्हणून. म्हणजे पानाला तोंड आहे आणि तोंडावर ताबाही आहे.

आपल्या शरीरातही निसर्गाने केलेल्या बहुतेक तोंडांवर असा ताबा असतो. शौचाच्या जागेला आवळून धरणारे स्नायू असतात, लघवीच्या मार्गालाही असतात. पोटावरच्या स्टोमाला मात्र असा स्नायू नसतो. त्यामुळे मल किंवा लघवी केव्हा येईल हे माणूस ठरवू शकत नाही. पिशवी लागते ती याच कारणाने. रुग्ण निष्काळजी आहे, अस्वच्छ आहे, 'थोडा कंट्रोल कर' असे त्याला सांगावे, यातले काहीही लागू होत नाही. ताबा ठेवायला तिथे काही नाहीच.

"आपोआप बुजेल का?"

नाही. आणि हे आधीच कळलेले बरे, कारण काही कुटुंबे वाट बघत बसतात.

कान टोचल्यावर पहिले काही दिवस काडी किंवा तार काढली तर भोक बुजते. कारण ती नुसती जखम असते आणि जखमेचा धर्म भरून येण्याचा. महिने गेले, आतून कातडी आली, की दागिना काढून ठेवला तरी भोक सहसा टिकते. आमच्या उत्तन-वसईकडे माडी काढणाऱ्यांनाही जखमेचा हा धर्म ठाऊक असतो. माडाच्या पोयीचे टोक रोज पातळ कापत राहावे लागते, नाहीतर काप सुकतो आणि रस थांबतो. झाडसुद्धा आपली जखम मिटवू बघते.

स्टोमा करताना सर्जन याच प्रवृत्तीवर मात करतात. आतड्याचे टोक पोटाबाहेर काढून बाहीच्या कफसारखे उलटे दुमडतात आणि कातडीच्या कडेला शिवतात. कातडी आणि आतड्याचे अस्तर एकमेकांना चिकटून भरतात, त्यामुळे तोंड उघडेच राहते. इलिओस्टोमीसाठी अशी घडी घालण्याची पद्धत इंग्लंडमधले सर्जन ब्रायन ब्रुक यांनी १९५२ मध्ये मांडली. त्याआधी आतड्याच्या पाचक स्रावाने कातडी सोलून निघणे ही नेहमीची गोष्ट होती. कोलोस्टोमी त्याहून बरीच जुनी. १७९३ मध्ये फ्रान्समध्ये द्यूरे या सर्जनने शौचाची जागाच नसलेल्या तीन दिवसांच्या बाळावर ती केली आणि ते बाळ पुढे वयाच्या पंचेचाळीसपर्यंत जगले. असे बाळ आजही साधारण पाच हजारांत एक जन्मते. आपल्याकडे त्या आईवडिलांना पहिल्याच दिवशी 'पोटावरून शी' हे शब्द ऐकावे लागतात. त्यांना ही १७९३ ची गोष्ट मी आवर्जून सांगतो.

स्टोमा बंद करायचा असेल तर दुसरी शस्त्रक्रिया लागते. अनेक स्टोमा तात्पुरते असतात. आतड्याचा जोड खाली नाजूक असतो, तो भरेपर्यंत मल वरूनच वळवतात. टायफॉइड किंवा क्षयाने आतडे फुटले, पीळ पडला, अपघात झाला, तरीही तात्पुरता स्टोमा करतात. दोन-तीन महिन्यांत, किंवा केमोथेरपी संपल्यावर, तो बंद करता येतो. पण 'तात्पुरता' म्हणून केलेला स्टोमा दोन-दोन वर्षे राहिलेले रुग्ण मी पाहिले आहेत. कारण वैद्यकीय नसते. तारीख मिळत नाही, गावी गेलेले असतात, सर्जन बदललेले असतात, किंवा दुसऱ्या शस्त्रक्रियेची भीती वाटते. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: स्टोमा कायमचा की तात्पुरता, बंद करायचा अंदाजे महिना कोणता, आणि त्याआधी कोणती तपासणी लागेल. आमच्या या गृहस्थांचा स्टोमा कायमचा होता. पत्नीला ते कोणी स्पष्ट सांगितले नव्हते. मला सांगावे लागले. त्या बऱ्याच वेळ काही बोलल्या नाहीत.

पैसे कुठे मिळतात, कुठे थांबतात

आता बातम्यांकडे येऊ. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कवच पूर्वी कुटुंबामागे वर्षाला दीड लाख होते. २०२३ मध्ये राज्य सरकारने ते ५ लाख करण्याचा आणि सर्व शिधापत्रिकाधारकांना त्यात घेण्याचा निर्णय केला. हा खरोखर मोठा बदल आहे. कर्करोगाची शस्त्रक्रिया परवडत नाही म्हणून घरी बसणारे रुग्ण आता कमी दिसतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, शिधापत्रिका आणि आधार दाखवा, हे मी रोज कोणाला ना कोणाला सांगतो.

पण योजनेची रचना भरती आणि प्रक्रियेच्या पॅकेजवर उभी आहे. शस्त्रक्रिया ही एक घटना, तिचा दर ठरलेला. पिशवी ही घटना नाही. ती दर तीन-पाच दिवसांनी लागते, कायमच्या स्टोमाला आयुष्यभर लागते. ती या रचनेत बसत नाही. खासगी विम्याचेही साधारण तसेच असते. डिस्चार्जनंतरचे साठ किंवा नव्वद दिवस संपले की पुढचे बिल घरच्यांचे. माझ्या रुग्णांच्या हिशेबात पिशव्या, चकत्या, पेस्ट आणि पावडर मिळून महिन्याला दोन ते चार हजार जातात. गाळ्यात पंधरा-सोळा हजारांवर काम करणाऱ्या माणसासाठी हा किराण्याएवढा खर्च आहे. मग तो एक पिशवी धुऊन आठ-दहा दिवस चालवतो, कडेने गळते, कातडी सोलते, चकती चिकटत नाही, आणखी पिशव्या वाया जातात. शस्त्रक्रियेवर लाखांचा खर्च होतो आणि कातडी बिघडते ती दोन-चारशे रुपयांच्या चकतीसाठी.

२२ सप्टेंबर २०२५ पासून केंद्राने औषधे आणि बहुतेक वैद्यकीय साधनांवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आणला. चांगले झाले. पण तीन हजारांवर पाच टक्के म्हणजे दीडशे रुपये. करच काढून टाकला तरी उरलेले तीन हजार तसेच राहतात. करकपात ही या प्रश्नाची किल्ली नाही. किल्ली पुरवठ्यात आहे. इंग्लंडमध्ये कायमचा स्टोमा असलेल्याला चिठ्ठीचे शुल्क माफ आहे. आपल्याकडे मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून महिन्याच्या महिन्याला मिळतात. त्याच खिडकीतून ठरावीक संख्येने पिशव्या द्यायला काय हरकत आहे, हे मला अजून समजलेले नाही.

कायदा एक म्हणतो, रेल्वे दुसरे

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात २१ झाले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल हे रक्ताचे आजार आले, ॲसिड हल्ल्यातील पीडित आले. स्टोमा आला नाही. ४० टक्क्यांचा दाखला मिळतो तो यादीतल्या प्रकारांनाच. त्यामुळे कायमची पिशवी असलेला माणूस दिव्यांगांच्या सवलतींच्या खिडकीवर उभा राहिला तर 'तुमचा प्रकार यादीत नाही' हेच उत्तर मिळते.

त्याच कायद्याच्या अनुसूचीत एक वाक्य आहे: केंद्र सरकार अधिसूचना काढून आणखी प्रकार घालू शकते. म्हणजे संसदेत नवा कायदा आणण्याचीही गरज नाही. जपानमध्ये कायमचा स्टोमा असलेल्यांना दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळते आणि तिथल्या अनेक रेल्वे स्थानकांत स्टोमा धुण्यासाठी वेगळे सिंक असलेली स्वच्छतागृहे आहेत.

यावर रुग्णांचे एकमत नाही, हेही सांगायला हवे. एका शिक्षिकेने मला ठणकावले होते, "मी रोज सहा तास उभी राहून शिकवते. मला अपंग म्हणू नका." त्यांचे म्हणणे मी मान देऊन ऐकले. तरीही माझे मत असे की, कायमच्या स्टोमाला यादीत जागा मिळावी. दाखला घ्यायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. तात्पुरत्या स्टोमाला त्याची गरज नाही. तिथे लवकर तारीख मिळणे महत्त्वाचे.

गंमत अशी की, जे कायद्याच्या यादीत नाही ते रेल्वेच्या यादीत आहे. २०२० मध्ये करोनाच्या वेळी रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांसह अनेकांच्या सवलती थांबवल्या, पण दिव्यांगांचे चार प्रकार, रुग्णांचे अकरा प्रकार आणि विद्यार्थी यांच्या सवलती ठेवल्या. त्या अकरा रुग्णप्रकारांत कर्करोग, थॅलेसेमिया, मूत्रपिंड यांच्या जोडीला ऑस्टोमीही आहे. आणि सवलत नेमकी कशावर? मासिक आणि त्रैमासिक पासावर, निम्मी. उपचाराला जाताना तर चालतेच, कामाला जातानाही चालते. स्टोमा असलेला माणूस रोज कामावर जाईल, हे रेल्वेने गृहीत धरले आहे. मीरा रोड स्टेशनवरून रोज हजारो पासधारक चढतात, तरी ही सवलत माहीत असलेला एकही रुग्ण मला आजवर भेटलेला नाही. ठरलेल्या नमुन्यातले डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. नमुना तिकीट कार्यालयात विचारून घ्या आणि तुमच्या सर्जनकडून भरून घ्या.

पास मिळाला तरी स्वच्छतागृहाचा प्रश्न राहतो. पिशवी एक तृतीयांश ते निम्मी भरली की रिकामी करायची. त्याहून भरली तर वजनाने चकती सुटते. त्यासाठी काही खास बांधकाम लागत नाही: पिशवी-सामान टांगायला एक हुक, ठेवायला हातभर फळी, चालू नळ, कचऱ्याचा डबा आणि आतून लागणारी कडी. आमच्या भागातून मेट्रो ९ चा मार्ग गेला आहे, स्थानके नवी आहेत. नव्या बांधकामात हुक आणि फळी बसवायला किती पैसे लागतात? महापालिकेकडे मागायची झाली तर ही मागणी मला सगळ्यात सोपी वाटते.

पाणी कमी पिऊ नका

स्वच्छतागृह न मिळण्याचा परिणाम दवाखान्यात दिसतो. इलिओस्टोमी असलेले एक तरुण गृहस्थ पायात गोळे येतात आणि चक्कर येते म्हणून माझ्याकडे आले. मी बराच वेळ रक्तदाब, साखर यांतच गुंतलो. शेवटी विचारले, "पाणी किती पिता?" तर गाडीत पिशवी भरू नये म्हणून सकाळपासून दुपारी ऑफिसात पोहोचून जेवेपर्यंत काहीच पीत नव्हते. तो प्रश्न मी सगळ्यात आधी विचारायला हवा होता.

इलिओस्टोमीतून रोज साधारण अर्धा ते पाऊण लिटर स्राव जातो, पाण्याबरोबर मीठही जाते. दीड-दोन लिटरवर गेला तर तातडीने डॉक्टरांना कळवा, नाहीतर मूत्रपिंडांना इजा होते. नुसते पाणी ढोसून भरपाई होत नाही. ओआरएस घ्या, किंवा घरी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा. मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण आधी डॉक्टरांना विचारा.

मीरा-भाईंदरमध्ये जैन आणि मुस्लिम कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, म्हणून हे वेगळे सांगतो. चौविहार पाळणारे सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत, रमजानमध्ये दिवसभर रोजा असतो, आपल्याकडे निर्जळी एकादशी असते. इलिओस्टोमीचे तोंड मात्र रात्रंदिवस चालू असते. पानासारखे ते दार लावून पाणी वाचवू शकत नाही. उपवासाआधी डॉक्टरांशी आणि तुमच्या धर्मगुरूंशी दोघांशीही बोला. आजारपणात मुभा असते, असेच बहुतेक जण सांगतात. नमाज किंवा पूजा करता येईल का, हा प्रश्न रुग्ण हळू आवाजात विचारतात. पिशवी बंद आणि स्वच्छ असेल तर वैद्यकीय दृष्टीने काहीच अडचण नाही.

रोजच्या काळजीत सगळ्यात जास्त चुका चकतीचे भोक कापताना होतात. ते स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे हवे. शस्त्रक्रियेनंतर सहा-आठ आठवडे स्टोमा आक्रसत जातो, म्हणून दर आठवड्याला पुन्हा मोजा. पहिल्या दिवशीचे माप तीन महिने चालवू नका. कातडी कोमट साध्या पाण्याने धुवा, तेल-क्रीम लावले तर चकती धरत नाही. शेंगदाणे, ओले खोबरे, मक्याचे दाणे इलिओस्टोमीत अडकू शकतात. सुरुवातीला टाळा, नंतर थोडे थोडे आणि चावून खा. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या अख्ख्या पिशवीत पडताना दिसल्या तर सांगा, औषध बदलावे लागते.

निरोगी स्टोमा ओठांच्या आतल्या बाजूसारखा लालसर आणि ओला असतो. पुसताना थोडे रक्त दिसणे चालते. त्याला वेदनेची जाणीव नसते, त्यामुळे दुखत नाही म्हणजे ठीक आहे असे समजू नका, रंग बघा. तो काळा-जांभळा पडला, पोट फुगून उलट्या होत असताना काही तास काहीच बाहेर आले नाही, किंवा आतडे अचानक बरेच बाहेर आले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा.

गळ्यावरचे तोंड

याबद्दल थोडक्यात, पण ते महत्त्वाचे आहे. आमच्या खाडीच्या कडेला चिखलातून बोटाएवढी उभी मुळे दिसतात, ती तिवराची श्वसनमुळे. त्यांच्यावरच्या बारीक छिद्रांतून झाड हवा घेते. भराव टाकून ती गाडली की झाड गुदमरते. गळ्यावरच्या ट्रॅकिओस्टोमीचे असेच आहे. चिकट कफाने नळी बुजली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. म्हणून आतली नळी रोज धुणे, हवा ओलसर ठेवणे आणि सक्शन शिकून मगच घरी येणे. तंबाखूमुळे झालेल्या कर्करोगासाठी ज्यांचा पूर्ण स्वरयंत्र काढला आहे, त्यांच्या नाकातोंडाचा फुप्फुसांशी संबंध उरलेला नसतो. आंघोळीत गळ्यात पाणी जाऊ देऊ नका. श्वास थांबला तर कृत्रिम श्वास तोंडातून देऊन उपयोग नाही, तो गळ्यावरच्या तोंडातूनच द्यायचा. घरातल्या प्रत्येकाला आणि शेजारच्या एकाला हे माहीत हवे.

पोटावरच्या स्टोमासाठी शिकायला मुंबईत चांगल्या जागा आहेत. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे, या कामाचे खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका तिथे असतात. ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही मुंबईत आहे. पिशव्यांच्या निवडीबद्दल आणि किमतीबद्दल तिथे माझ्यापेक्षा चांगली माहिती मिळते. एमबीबीएसला आम्ही स्टोमा कसा करतात ते शिकलो. चकती कशी कापतात ते मी एका परिचारिकेकडून शिकलो, तेही डॉक्टर झाल्यावर.

त्या गृहस्थांना मी पास काढा असे सांगितले, आणि त्याआधी सवलतीचा कागद भरून घ्या. पत्नी म्हणाल्या, "वाटेत गळलं तर?" मुलाने बॅगेतून वही काढली आणि आम्ही तिघांनी यादी केली: एक जादा पिशवी आधीच भोक कापून ठेवलेली, ओला रुमाल, दोन कागदी पिशव्या, शर्टाची घडी. दीड महिन्याने ते मापासाठी आले तेव्हा स्टोमा चार मिलिमीटरने लहान झाला होता. अंधेरीच्या ऑफिसातल्या स्वच्छतागृहात हुक नव्हता. तो त्यांनी स्वतःच्या पैशाने बसवून घेतला होता.